मढच्या वाटेवरील नांवें

सुटीचा बेत ठरतांना घरांतील मंडळी नकाशा पसरून बसतात, तेव्हां बोलणें बहुधा तीन गोष्टींचें चालतें : अंतर किती, मुक्काम कोठें, आणि जेवणाची सोय काय. वाटेंतील गांवांचीं नांवें त्या बोलण्यांत येतात तीं केवळ खुणा म्हणून. पुण्याहून निघालें तर आळेफाट्याला डावीकडे वळावयाचें, ओतूर मागें टाकावयाचें, मढ आलें कीं माळशेजचा घाट जवळ आला असें समजावयाचें. नांवाचा उपयोग एवढाच. त्याचा अर्थ विचारावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं; कारण तें आपल्याच भाषेंतील आहे, म्हणजे आपल्याला तें कळलेलेंच आहे, अशी आपली समजूत असते.

वेल्समध्यें मोटारीनें हिंडावयास निघालेल्या मराठी कुटुंबाची स्थिति याच्या उलट असते. इंग्लंडची हद्द ओलांडली कीं रस्त्यावरील पाट्या दोन भाषांत बोलूं लागतात, आणि इंग्रजी उत्तम येणारा गृहस्थही पहिल्याच फाट्यावर अडखळतो. अँगल्सी बेटावर तर एका खेड्याचें नांव अठ्ठावन्न अक्षरांचें आहे. तें मूळचें एवढें लांब नव्हतें. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडीच्या उतारूंची गंमत व्हावी व गांवाला प्रसिद्धि मिळावी म्हणून तें मुद्दाम लांबविण्यांत आलें. परंतु या अवघड दिसणाऱ्या नांवांची किल्ली अगदीं लहान आहे. ‘आबेर’ म्हणजे नदीचें मुख, ‘कूम’ म्हणजे खोरें, ‘पोन्त’ म्हणजे पूल, ‘काएर’ म्हणजे कोट आणि ‘लान’ म्हणजे देवळाचें आवार. हे पांच शब्द पाठ असले तरी नकाशा बोलूं लागतो. आबेरिस्टविथ हें इस्टविथ नदीच्या मुखाशीं आहे, स्वान्सीचें वेल्श नांव आबेरटावे असल्यामुळें तें टावे नदीच्या मुखाशीं आहे, हें पाटी वाचतांच समजतें. परदेशांत आपण ही खटपट हौसेनें करतों, कारण तेथें आपल्याला आपलें अज्ञान दिसत असतें. मढच्या वाटेवर तें दिसत नाहीं, म्हणून खटपटही होत नाहीं. वस्तुतः ‘आबेर’ आणि ‘कूम’ यांच्यासारखे शब्द या वाटेवरही पुरलेले आहेत.

आरंभ मढपासूनच करूं. येथें एक सूचना व्यवहाराची. नकाशावर नुसतें ‘मढ’ शोधूं जाल तर मुंबईच्या समुद्रकांठचें मढ बेट पुढें येण्याचा संभव अधिक. आपलें मढ तें नव्हे. हें पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, ओतूरच्या पश्चिमेस, पुष्पावती नदीच्या वरच्या खोऱ्यांत आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला राष्ट्रीय महामार्ग ६१ याच खोऱ्यांतून पूर्वेस उतरत जातो. उत्तरेस हरिश्चंद्रगडाची भिंत, पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, आणि मध्यें आतां पिंपळगांव जोगा धरणाचें विस्तीर्ण पाणी, असें हें ठिकाण आहे.

‘मढ’ हा शब्द ऐकतांच कांहीं जणांना ‘मढें’ आठवतें व ते नाक मुरडतात. तें नातें खरें नाहीं. मढें हें ‘मृत’ या शब्दापासून निघालें. ‘मढ’ची वाट निराळी आहे. संस्कृतांतील दोन स्वरांमधला ‘ठ’ प्राकृतांत ‘ढ’ होतो. बाराव्या शतकांत गुजराथेंत होऊन गेलेल्या हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत हा नियम सांगितला आणि त्याचें पहिलेंच उदाहरण ‘मठ’ या शब्दाचें दिलें : मठाचा ‘मढ’ होतो. ‘पठ्’ धातूपासून ‘पढणें’ आलें तें याच नियमानें. त्याचा जोडनियम म्हणजे ‘ट’चा ‘ड’ : वटाचा वड, खेटाचें खेड. तेव्हां मढ म्हणजे मठ, असें म्हणावयास व्याकरणाचा आधार भक्कम आहे. पाथर्डी तालुक्यांत कानिफनाथांचें स्थान असलेली मढी, आणि गोसाव्याच्या पर्णकुटीला मराठींत म्हणतात ती मढी, हीं याच घराण्यांतलीं.

आतां आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पुढें संस्कृत शब्दांची आवक वाढली, तसा मराठीनें मूळ ‘मठ’ हा शब्दच पुन्हां उचलला, आणि गेलीं कित्येक शतकें आपण रामदासांचा मठ, शंकराचार्यांचा मठ असेंच म्हणत आलों. म्हणजे हें नांव पडलें तें लोकांच्या तोंडीं ‘मढ’ हा शब्द नित्याचा होता तेव्हां. गांवानें तो जपला आणि भाषेनें सोडला. खेड्यांतील म्हातारीच्या पेटींत जुन्या घडणीचा एखादा दागिना राहावा, तसा हा प्रकार आहे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचें खिरेश्वर हेंही असेंच असावें. ‘क्षीरा’ची खीर झाली त्याच वाटेनें क्षीरेश्वराचें खिरेश्वर झालें असल्यास नवल नाहीं. तेथील नागेश्वराचें देऊळ जुनें व कोरीव आहे, आणि तेथूनच टोलार खिंडीनें गडावर जाण्याची वाट आहे. गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या नद्यांच्या उगमांशीं झंझ राजानें बारा शिवालयें बांधलीं अशी जी परंपरा या डोंगरांत सांगतात, तींत हें देऊळ व कुकडीच्या उगमाशीं असलेलें पूरचें कुकडेश्वर हीं दोन्ही येतात. दहाव्या शतकांत उत्तर कोंकणांत झंझ नांवाचा शिलाहार राजा होऊन गेला आणि त्यानें बारा शिवमंदिरें बांधल्याचा उल्लेख त्याच्याच घराण्याच्या ताम्रपटांत आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती परंपरा अगदींच हवेंतली ठरत नाहीं.

मढ हें आज एक साधें गांव आहे. पण एके काळीं तें एका लहानशा मुलखाचें नांव होतें. याचा पुरावा शोधावयास दप्तरखान्यांत जावें लागत नाहीं. जुन्नर तालुक्याच्या गांवांच्या यादींत ‘पारगांव तर्फे मढ’ असें एक नांव आहे आणि ‘पारगांव तर्फे आळे’ असें दुसरें. तसेंच ‘हिवरें तर्फे मिन्हेर’ आणि ‘हिवरें तर्फे नारायणगांव’. तर्फ म्हणजे परगण्याचा पोटविभाग. बादशाही अमलांत आणि पुढें मराठेशाहींत वसूल याच हिशेबानें होत असे. पारगांवें दोन, तेव्हां कोणतें कोणत्या तर्फेंतलें हें कारकुनाला लिहावें लागे. तर्फा मोडल्या, देशमुखी-देशपांडेपणाचा अंमल संपला, इंग्रजांचे तालुके आले, त्यांचेंही राज्य गेलें. आणि तरी पारगांवच्या माणसाच्या सातबाऱ्यावर मढची तर्फ अजून चालूच आहे. एखाद्या राज्यव्यवस्थेचें इतकें निरुपद्रवी भूत मीं तरी दुसरें पाहिलेलें नाहीं. गांवाच्या नांवापुढें येणारे बुद्रुक व खुर्द हे शब्दही त्याच कुळांतले. फारसींत ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. ज्या दोन गांवांपैकीं आज खुर्दच मोठें झालें आहे तेथेंही पाटी बदललेली नाहीं.

वरच्या यादींतील ‘मिन्हेर’ हा शब्द मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. वेल्समध्यें ‘कूम’ तसें जुन्नरकडे ‘नेर’. मीना नदीचें खोरें तें मिननेर, कुकडीचें कुकडनेर, घोड नदीचें घोडनेर, भीमेचें भीमनेर, भामेचें भामनेर. आणि आपल्या पुष्पावतीचें खोरें? तें नदीच्या नांवानें ओळखलें गेलें नाहीं. इंग्रजी अमदानींतील पुणें गॅझेटिअरांत तें येतें तें मढच्या नांवानें, मढनेर म्हणून. पुण्याच्या दक्षिणेस जशीं बारा मावळें मोजीत, तशीं जुन्नरपासून चाकणपर्यंतचींही बारा मावळें मोजण्याची जुनी रीत आहे, आणि त्या यादींत शिवनेर, जुन्नर, मिननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर, जामनेर, पिंपळनेर, पारनेर, सिन्नर, संगमनेर आणि अकोळनेर हीं नांवें येतात.

या यादीकडे पाहतांना एक अडचण उभी राहते. व्युत्पत्तिकार सांगतात कीं ‘नेर’ हें ‘नगर’ शब्दाचें रूप : नगर, नयर, नेर. संगमनेर म्हणजे संगमावरचें नगर, हें उघडच पटतें. प्रवरेचा संगम तेथें आहे. पण कुकडनेर हें नगर नव्हे, मिननेर हेंही नव्हे. तेथें नदी आहे, दोन्ही बाजूंस डोंगराच्या रांगा आहेत, मध्यें भाताचीं खाचरें आहेत. नगर कोठेंच नाहीं. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो कीं नेर म्हणजे खोरें, आणि कोणी त्याचा संबंध ‘नीर’ म्हणजे पाणी याच्याशीं जोडतात. माझ्या मतें दोन्ही पक्षांनीं एकच शब्द गृहीत धरला ही चूक आहे. पूर्वेच्या सपाटीवरील पारनेर, संगमनेर, सिन्नर हीं वसलेलीं शहरें आहेत आणि त्यांच्या ‘नेर’मध्यें नगर दडलेलें आहे, पश्चिमेस कड्यापाशीं नेर हा शब्द नदीच्या नांवाला चिकटून येतो आणि मुलूख दाखवितो. कालांतरानें दोन्हींचा उच्चार एक झाला आणि बारा मावळांच्या यादींत तीं शेजारीं शेजारीं बसलीं. एका नांवाचे दोन गृहस्थ एका घराण्यांतले नसतात, तसेंच हें.

खुद्द जुन्नर पहिल्या पक्षाचें. जीर्णनगर, जुण्णनयर, जुन्नर अशी त्याची परंपरा सांगतात, आणि येथें ध्वनीचे नियम जुळतात. मौज अशी कीं हें शहर जुनें म्हणून ओळखलें जाऊं लागलें तेंच मुळीं फार पूर्वीं. मलिक अहमदानें १४९० च्या सुमारास स्वतंत्र निजामशाहीचा पाया घातला तो जुन्नरच्या बळावर, आणि मग त्यानें आपल्या नांवाचें नवें नगर वसविलें; जुन्या नगरानें नव्या नगराला जन्म दिला असें म्हणतां येईल. संस्कृताची शाल पांघरविण्याची हौस मात्र आपल्या लोकांस फार. ओतूरला भाविक मंडळी उत्तमापूर म्हणतात. तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधि तेथें आहे, तेव्हां भक्तीनें दिलेल्या नांवाबद्दल तक्रार नाहीं. पण सर्वच गांवांचें असें शुद्धीकरण करूं गेल्यास हातीं संस्कृत लागेल आणि गांव हातचें जाईल.

शिवनेरीसंबंधीं एक गैरसमज मुलांत सर्वत्र दिसतो, आणि वडील माणसेंही तो दूर करीत नाहींत. शिवाजीमहाराजांचा जन्म तेथें १९ फेब्रुवारी १६३० रोजीं झाला म्हणून किल्ल्याला शिवनेरी म्हणतात, असें मुलें समजतात. क्रम उलटा आहे. शिवनेर हें नांव महाराजांच्या आधींचें. गडावरच्या शिवाई देवीवरून बाळाचें नांव ठेवलें अशी परंपरा आहे. म्हणजे स्थळाला पुरुषाचें नांव मिळालें नसून पुरुषाला स्थळाकडून नांव मिळालें. गडावर गेल्यावर मुलांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी सहल कारणीं लागली.

नांवें नीट न कळल्यामुळें प्रवाशाची कशी फजिती होते याचें उदाहरण साडेतीनशें वर्षांपूर्वींचें आहे. मुंबईच्या इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याला १६७५ च्या सुमारास जुन्नरच्या मोगल सुभेदारानें उपचारासाठीं बोलाविलें. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें जुन्नरचें नांव ‘जेनिआह’ असें लिहिलें आहे. जातांना तो भलत्याच अवघड वाटेनें घाट चढला. कडा चढतांना त्याचे व त्याच्या माणसांचे जे हाल झाले ते त्यानें सविस्तर लिहून ठेवले आहेत. परततांना त्याला नाणेघाट सांपडला, आणि इतकी सोपी वाट असतां आपण ती सोडून वर कशास गेलों, असें त्याला वाटलें असल्यास नवल नाहीं. आजच्या मोटारवाल्यास माळशेजचा डांबरी रस्ता आहे म्हणून ठीक. पण पावसाळ्यांत तेथेंही दरडी कोसळतात व धुकें असें उतरतें कीं समोरची पाटी दिसत नाहीं.

नाणेघाटाचें नांवही वादाचें. वर पोंचल्यावर एक मोठा दगडी रांजण दाखवितात आणि सांगतात कीं व्यापारी यांत जकातीचीं नाणीं टाकीत, म्हणून नाणेघाट. गोष्ट गोड आहे. परंतु शेजारच्या सुळक्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात, त्यांत नाणें नाहीं, नाना आहे. आणि इंग्रजांनींही पूर्वीं ‘नाना घाट’ असेंच लिहिलें. तेव्हां हा नाना कोणी का असेना, नाण्यापेक्षां त्याचा हक्क मला बळकट वाटतो. मात्र जकातीची कल्पना मुळांतच खोटी असें कोणीं समजूं नये. घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाईंची, घोड्यांची व कार्षापणांची मोजदाद अंकांत कोरलेली आहे, आणि भारतांतील अंकांच्या अगदीं जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. इतकी संपत्ति या वाटेनेंच चढत-उतरत होती.

जुन्नरभोंवतींच्या डोंगरांत लेणीं पुष्कळ आहेत, आणि त्यांतील लेखांत दात्यांच्या नांवांबरोबर गांवांचींही नांवें आलीं आहेत. ‘इरिल’ आणि ‘चिट’ असे दोन यवन तेथें दान देऊन गेले. दुसरा एक शक उपासक वडालिका गांवांतील वीस निवर्तनें जमिनीचें उत्पन्न करंजाच्या झाडांसाठीं आणि कटापुतक गांवांतील नऊ निवर्तनांचें वडांसाठीं लावून देतो. परक्या मुलखांतून आलेल्या माणसानें देवाला सोनें न देतां वाटेवर सांवली दिली, हें वाचून मन प्रसन्न होतें. वडालिका आज कोणतें, या शोधांत मी शिरत नाहीं. पण ज्या डोंगराला आज आपण मानमोडी म्हणतों त्याचें नांव लेखांत ‘मानमुकुड’ असें आहे. म्हणजे सुमारें अठराशें वर्षें लोकांच्या जिभेनें तें नांव झिजविलें खरें, टाकलें मात्र नाहीं. आणि मढच्या शेजारीं करंजाळें आहे. तें त्या लेखांतील करंजांचें नव्हे, उगीच जोडणी करूं नये. पण झाडावरून गांव ओळखण्याची रीत तीच. पिंपळगांव, पिंपरी, पिंपळवंडी, निमगांव, उंब्रज, बोरी : हा सगळा तालुका म्हणजे एक जुनी राई आहे. गांवोगांव थांबून तें झाड अजून आहे कीं नाहीं एवढें पाहिलें, तरी सुटीचे दोन दिवस पुरावयाचे नाहींत.

नांवें बदलतातही, आणि तें नेहमींच वाईट असतें असें नाहीं. इंग्रजांनीं केलेल्या ‘पूना’चें पुन्हां पुणें झालें हें योग्यच झालें. पुणें-नाशिक रस्त्यावरील खेड हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झालें, आणि आपला महामार्ग ज्या शहराकडे जातो त्या अहमदनगरचें २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. वेल्समध्यें २०२२ पासून स्नोडोनिया उद्यानाच्या कारभाऱ्यांनीं ‘एरीरी’ हें जुनें देशी नांवच कामकाजांत वापरावयाचें ठरविलें. तेथें जुनें नांव परत आणलें, येथें नवें नांव दिलें. दोन्हींमागें स्वाभिमान आहे, पण दोन गोष्टी एक नव्हेत. नवें नांव दिलें जातें तेव्हां जुन्याची नोंद कोठें तरी, निदान शाळेच्या भूगोलांत, राहावी एवढीच अपेक्षा.

नांव राहतें आणि गांव जातें, असाही एक प्रकार आहे. वेल्समधील ट्रिवेरिन खोऱ्यांत कॅपेल केलिन नांवाचें वेल्श बोलणारें एक खेडें होतें. लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे म्हणून तें खोरें अडविलें आणि १९६५ मध्यें शाळा, प्रार्थनामंदिर, घरें सर्व तळ्याखालीं गेलीं. वेल्श लोकांना तें इतकें लागलें कीं ‘ट्रिवेरिन विसरूं नका’ हीं अक्षरें रंगविलेली एक पडकी भिंत तेथें जवळ जवळ राष्ट्रीय स्मारक होऊन बसली, आणि अखेर २००५ सालीं लिव्हरपूलच्या नगरसभेनें क्षमा मागितली.

जुन्नरच्या दक्षिणेस लागूनच आंबेगांव तालुका आहे. भीमाशंकरला जाणारी मंडळी मंचर, घोडेगांव करीत पश्चिमेस जातात, आणि वाटेंत उजवीकडे डिंभे धरणाचें पाणी लागतें. मुलें विचारतात, ‘बाबा, तालुका आंबेगांव, तर आंबेगांव कोठें आहे?’ तें या पाण्याखालीं आहे. घोड नदीवर धरण झालें तेव्हां मूळ आंबेगांव बुडालें, लोक उठून दुसरीकडे गेले. धरणाच्या पाण्यावर खालच्या कोरड्या मुलखांत ऊंस व द्राक्षें पिकलीं, हें खरें आहे आणि तें लहान नव्हे. पण एका तालुक्याला ज्या गांवाचें नांव आहे तेंच गांव नकाशावर नाहीं, ही गोष्ट तेथें उभें राहून फारशी कोणी सांगत नाहीं. भिंतीवर अक्षरेंही नाहींत. त्याच तालुक्यांतील माळीण हें नांव ३० जुलै २०१४ पूर्वीं बाहेर कोणाला ठाऊक नव्हतें. त्या पहांटे डोंगर खालीं आला, दीडशेंच्यावर माणसें गेलीं, आणि नांव सर्वतोमुखीं झालें. नवें माळीण जवळच दुसऱ्या जागेवर बांधलें. त्यालाही नांव माळीण हेंच ठेवलें.

मढहून परततांना ज्यांना वेळ असेल त्यांनीं जुन्नर, घोडेगांव या मार्गानें हा फेरा घ्यावा. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे, आणि तिच्या पाटीवर आंबेगांव असें लिहिलेलें आहे.